तेरच्या गिरणीतली कॅसेट

आधीच सांगून टाकतो, त्या माणसावर मी जळत होतो. होतो कशाला, अजूनही जळतो. फरक एवढाच, की तेव्हा नेमकं कशावर जळायचं ते मला कळलं नव्हतं.

बेंबळीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पोरांचे प्रवेश, झेरॉक्स, लॅमिनेशन, जे म्हणाल ते. हा झाला पोटाचा धंदा. जिवाचा धंदा वेगळाच आहे. धाराशिवला कॉलेजात असताना खोलीवरच्या एका दोस्तानं मला हेवी मेटल ऐकवलं आणि त्या दिवसापासून दुसऱ्या गाण्यांत माझं मन रमलंच नाही. गिटारी करवतीसारख्या चालतात, ड्रम छातीवर येऊन बसतो, आणि गाणारा गातो की ओरडतो हे आमच्या घरात आजतागायत कुणाला कळलेलं नाही. आईनं एकदा काळजीनं विचारलं होतं, ह्याला कुणी मारायलंय का रे.

मी ह्या गाण्यांच्या कॅसेटी जमवतो. मोबाइलवर सगळं फुकट मिळत असताना कॅसेटीच का, असं विचारू नका. ज्याला विचारावं लागतं त्याला सांगून कळत नाही. तीनशेच्या वर आहेत आणि एकेक कॅसेट मी कुणाच्या तरी हातापाया पडून, कुरियरवाल्याच्या मागं लागून मिळवलेली आहे. देशभरातल्या असल्या वेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात नावापुढं गाव लिहायची पद्धत आहे आणि दहा वर्षं आमच्या अख्ख्या जिल्ह्यातून मी एकटाच होतो. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथं तर वासरंसुद्धा नव्हती. खरं सांगतो, मला ते लई आवडायचं.

मग एके दिवशी ग्रुपमध्ये एक नवा माणूस आला आणि त्याच्या नावापुढं लिहिलेलं होतं, तेर.

शहाण्या माणसाला आनंद झाला असता. इतकी वर्षं ज्याच्याशी ह्या विषयावर बोलायला चिटपाखरू नव्हतं, त्याला फटफटीच्या वाटेवर सोबती मिळाला होता. मी मात्र त्याला साधा नमस्कारही केला नाही.

आमच्या ग्रुपात दर रविवारी ज्यानं त्यानं आपल्या कपाटाचा फोटो टाकायचा असतो. तेरच्या माणसानं पहिल्याच रविवारी टाकला. भिंतीतलं लाकडी फडताळ, पाच कप्पे, वरपासून खालपर्यंत कॅसेटी. ज्या एकेका कॅसेटीसाठी मी वर्ष वर्ष वाट बघितली, त्या तिथं कडब्याच्या पेंढ्यांसारख्या रचून ठेवल्या होत्या. खाली ह्यानं लिहिलेलं काय, तर गिरणीचं पीठ लई बसतंय, आज पुसून घेतल्या. बढाई नाही, मिरवणं नाही. बढाई मारली असती तर शिव्या द्यायला तरी सोपं गेलं असतं.

हळूहळू कळत गेलं. त्याची तेरमध्ये पिठाची गिरणी होती. वय पन्नाशीच्या पुढं. सोलापूर-लातूरकडची कॅसेटीची दुकानं बंद पडत गेली, तेव्हा हा गडी रिकामी पोती घेऊन जायचा आणि भरून आणायचा. पोत्यानं! मी एकेक वेचत बसलो आणि हा धान्य भरावं तसं भरत होता. दर रविवारी त्याचा फोटो आला की मी बोटांनी मोठा करून एकेक कप्पा वाचायचो आणि दिवसभर माझं जेवणात लक्ष नसायचं. बायको म्हणाली, सवतीच्या गळ्यातले दागिने मोजणारी बाई तिनं बघितली होती, बाप्या पहिल्यांदाच बघत होती. मी तिच्यावर खेकसलो, कारण तिचं खरं होतं.

एका रविवारी त्याच्या फोटोत खालच्या कप्प्यात एक काळी-पांढरी कॅसेट दिसली आणि ग्रुपमध्ये खळबळ उडाली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुण्या पोरांनी घरातच गाणी वाजवून, रेकॉर्ड करून, थोड्याशा कॅसेटी काढून वाटल्या होत्या. वर झेरॉक्सचं कव्हर, मुळ्यांच्या गुंत्यासारखी अक्षरं, ना पत्ता ना गाव. तिच्याबद्दल सगळ्यांनी ऐकलं होतं, बघितली कुणीच नव्हती. इंटरनेटवर जगभरच्या मेटलची एक मोठी यादी आहे, तिच्यातसुद्धा ती नव्हती. जो नवी गोष्ट त्या यादीत चढवतो त्याचं नाव तिथं कायमचं राहतं, नंतर बदलता येत नाही. म्हणून आमच्यात नियम आहे की वस्तू ज्याची, नाव त्याचं. दुसऱ्यानं काम करून दिलं तर त्याचे आभार मानायचे, बास.

तेरच्या माणसाला ते चढवणं जमत नव्हतं. त्यानं ग्रुपवर लिहिलं की कुणाला येत असेल तर घेऊन जा. मी दुसऱ्या मिनिटाला त्याला वेगळा मेसेज टाकला आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तेर गाठलं.

गिरणी चालू होती. कानठळ्या बसवणारा आवाज, सगळीकडं पीठ, आणि त्यात भुवयांपर्यंत पांढरा झालेला माणूस. मी त्याला अण्णा म्हटलं, त्यानं मला पाव्हणं. मागच्या खोलीत नेऊन गूळ घातलेला चहा पाजला. फडताळाकडं मी बघत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. अण्णांनी ती कॅसेट स्वच्छ रुमालात बांधून माझ्या हातात दिली. पावती नाही, अट नाही, काही नाही.

"चढवा काय चढवायचं ते," ते म्हणाले. "पर आधी नीट ऐका. पार शेवटपर्यंत ऐका."

मी मान डोलावली. ऐकायचं काय मला शिकवता, असं मनात म्हणालो.

आणि आता जे सांगतोय ते सांगताना मला माझीच लाज वाटते. कॅसेट दुकानात आणली. कॅसेट वाजवायच्या मशीनचं डोकं स्पिरिटनं पुसलं, कव्हर दुकानातल्या स्कॅनरवर चारदा स्कॅन केलं, मशीनची वायर संगणकाला जोडली. पीक विम्याचे शेवटचे दिवस होते, बाहेर माणसांची रांग. असला आवाज ऐकून लोक काय म्हणतील म्हणून स्पीकर बंद केला. संगणकाच्या एका खिडकीत फॉर्म, दुसऱ्या खिडकीत आवाजाची रेघ खालीवर होताना दिसायची. रेघ बघून मला समाधान वाटत होतं. दुसऱ्या बाजूची गाणी संपली आणि रेघ सपाट झाली. पाच एक मिनिटं सपाटच होती. मग अगदी शेवटी एक बारीक टेंगूळ आलं. कुणाची खुर्ची सरकली असेल, म्हणून मी ती सपाट रेघ आणि ते टेंगूळ दोन्ही खोडून टाकलं. असल्या कामात आम्ही सगळे हेच करतो, मोकळी जागा छाटतो.

यादीत गावाचा रकाना होता. ग्रुपमधले जाणकार म्हणायचे, त्या काळात असलं वाजवणारी पोरं बंगळूरचीच. मी बंगळूर लिहिलं. मग नावाचा रकाना आला. तिथं मी थोडा वेळ थांबलो, हे खरं आहे. समोर एक म्हातारे आजोबा अंगठा लावायला उभे होते. मला ते फडताळ आठवलं, ती पोती आठवली आणि वाटलं, ह्याच्याकडं सगळंच आहे, एक नाव माझं असलं तर काय बिघडतं. आणि मी स्वतःचं नाव टाकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

ग्रुपवर आठ दिवस माझी दिवाळी चालली. कुठकुठल्या देशांतून लोकांनी शाबासकी दिली. एकानं तर मला संशोधक म्हटलं. नियम मोडला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी कुणी बोललं नाही. तेरचा माणूस गप्प होता आणि त्याचं ते गप्प राहणं मला टोचत होतं. भांडला असता तर मीही भांडलो असतो, माझी उत्तरं तयार होती.

कॅसेट परत करायला गेलो तेव्हा दुपार होती आणि गिरणी बंद होती, लाइट गेलेली. अण्णांनी रुमाल सोडला, कॅसेट उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, ऐकली का. मी म्हटलं, ऐकली की. शेवटपर्यंत का, त्यांनी विचारलं. म्हटलं, शेवटपर्यंत.

"मग काय म्हणती ती?"

कोण ती? अण्णांनी सेलवर चालणारा जुना टेप काढला, कॅसेट घातली, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावलं आणि पोत्यावर बसले. मीही बसलो. तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. काय वाजवत होती ती पोरं! मी आठ दिवस ती कॅसेट जवळ ठेवली होती आणि त्यातला एक सूर मला माहीत नव्हता. गाणं संपलं, नुसती खरखर राहिली. अण्णांनी बोट वर करून थांबा म्हणून खुणावलं. आम्ही दोघं त्या खरखरीत पाच मिनिटं बसून राहिलो. मग दाराची कडी वाजली आणि एका बाईचा आवाज आला.

"झालं का न्हाय रं तुमचं? भाकरी गार व्हायल्यात."

आणि आत्तापर्यंत जो राक्षसासारखा ओरडत होता, तो पोरगा बारीक आवाजात म्हणाला, आलो गं आई. खटकन आवाज आला आणि टेप थांबली.

आमच्याकडची बाई होती ती. बेंबळीची असेल, तेरची असेल, जळकोटची असेल. आमच्याच कुठल्या तरी घरात, आमच्याच ज्वारीच्या भाकरी थांबवून, ती पोरं हे वाजवत होती. जिल्ह्यात मी एकटा, असं सांगत मी दहा वर्षं छाती फुगवून फिरलो आणि ती पोरं माझ्या आधी होऊन गेली होती. आणि मी त्या बाईला टेंगूळ समजून खोडलं होतं.

"ही बाई बंगळूरची वाटती का तुम्हाला?" अण्णांनी विचारलं.

म्हणजे त्यांनी यादी बघितली होती. नाव बघितलं होतं. मी एका दमात सगळं कबूल केलं, रेघेचं, स्पीकरचं, नावाचं. म्हटलं, अण्णा, चुकलं माझं, कॅसेट अजून एकदा द्या, शेवट जोडतो, गाव बदलतो. बदल करायला यादीवाल्यांना पुरावा लागतो, तो ह्या आवाजात आहे. नाव बदलत नाही, पण खाली तुमचं लिहितो, ग्रुपवर माफी मागतो.

अण्णांनी कॅसेट डबीत घातली, फुंकर मारून पीठ उडवलं आणि खालच्या कप्प्यात जागेवर ठेवली.

"नावाचं काय न्हाय हो," ते म्हणाले. "पर म्या ऐकायला दिली होती. आता ही बाई घराबाहेर जायची न्हाय. तुम्हाला ऐकायची असंल तर इथं या."

मी जातो. महिन्यातून एकदा तरी जातो, पोत्यावर बसतो, ती खरखर ऐकतो आणि त्या बाईची वाट बघतो. तिच्या हाकेबरोबर अण्णांच्या तोंडावर जे हसू येतं ते बघून माझा जीव जळतो. फडताळावर नाही जळत आता. हा माणूस वर्षानुवर्षं ह्या खोलीत बसून ती हाक ऐकत होता आणि कुणाला तरी ऐकवावीशी वाटली तेव्हा माझ्यासारख्याच्या हातात ती देऊन मोकळा झाला, ह्यावर जळतो.

यादीत अजून बंगळूरच आहे आणि खाली माझं नाव आहे. पुराव्याशिवाय मला ते गाव बदलता येत नाही आणि पुरावा तेरच्या फडताळात आहे. गेल्या रविवारी बंगळूरचा एक जण ग्रुपमध्ये नवीन आला. आपल्या गावची विसरलेली पोरं शोधून काढल्याबद्दल त्यानं सगळ्यांसमोर माझे आभार मानले. त्याखाली पहिला शाबासकीचा अंगठा तेरहून आला होता.