उत्कर्षा सिस्टरचा गुरुवार

नांद्यातल्या उत्कर्षा ओव्हाळला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. ती सिस्टर. घरी आल्यावर पायातली चप्पल काढायच्या आत कुणाचं बीपी बघायचं, कुणाच्या पोराला इंजेक्शन द्यायचं. सासू फुलाबाईला त्याचा कोण अभिमान! "आमच्या सुनंला कवा बी उठवा, न्हाई म्हनायची न्हाई," असं ती चारचौघांत सांगते. माणसाला केव्हाही उठवता येणं ही कौतुकाची गोष्ट कधीपासून झाली, हे मात्र कुणी विचारत नाही.

मारुंजीकडच्या एका खासगी हॉस्पिटलात उत्कर्षा आयसीयू सांभाळते. तिथे माणूस गेलं की डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना दोन वाक्यं सांगतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. मागे राहते सिस्टर. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, दागिने उतरवून नातेवाइकांच्या हातात द्यायचे, वर त्यांच्या शिव्या खायच्या. मग हात धुऊन शेजारच्या बेडवरच्या आजोबांना विचारायचं, "काय आजोबा, झोप लागली का?" तेही हसून. सिस्टर हसतमुख होत्या का, असं घरी जाताना पेशंटला विचारतात म्हणे. मढ्याजवळून उठून आलेल्या बाईच्या हसण्याला मार्क द्यायची कल्पना ज्या डोक्यातून निघाली, ते डोकं एकदा तपासून घ्यायला हवं.

गेल्या दिवाळीच्या आधी डेंग्यूने एक मुलगी गेली. अकोल्याहून नोकरीला आलेली, हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत होती. आई-वडील अजून वाटेत होते. उत्कर्षा साबण लावून तिच्या हातातल्या बांगड्या उतरवत होती. सुजलेल्या मनगटावरून बांगडी हळूहळू सरकत असताना उत्कर्षाच्या मनात आलं, उद्या डब्याला गवार करावी की भेंडी.

ती जागीच थांबली. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती जिन्याखाली जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत यायची. नंतर रडणं कमी झालं, तेव्हा सगळ्यांनी तिला शाबासकी दिली, सिस्टर तयार झाली म्हणून. पण आता आत चाचपून पाहिलं तर हाताला काहीच लागत नव्हतं. दुःख नाही, दया नाही, साधी चीडसुद्धा नाही. त्या दिवशी तिला स्वतःचीच भीती वाटली.

त्याच महिन्यात हॉस्पिटलने कर्मचाऱ्यांसाठी 'वेलनेस डे' साजरा केला. फुगे लावले, फोटो काढायला फुलांची चौकट उभी केली, डबल ड्यूटी करून आलेल्या मुलींना टाळ्या वाजवत गोल फिरायला लावलं. एचआरचे मनीष सर माइकवरून म्हणाले, "मदत मागायला लाजू नका. हॉस्पिटल तुमचं घर आहे. मन मोकळं करा." बाकीच्या सिस्टर समोसे खात एकमेकींकडे बघून हसल्या. उत्कर्षाने ते खरं मानलं. चूक म्हणायची तर तिची हीच.

तिने भूगावच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता शोधला, अपेक्षा मॅडम म्हणून. गुरुवारी ऑफ असायचा, तेव्हाची वेळ घेतली. मुद्दाम गावापासून लांब. पण पहिल्याच दिवशी जिन्यात भेटला कोण, तर नांद्याचाच कोंडिबा. खालच्या दुकानात औषधं घ्यायला आलेला.

"सिस्टर, हितं कुटं?"

"काम होतं जरा."

"बरं झालं गावलात. ह्यो साखरंचा रिपोर्ट बघा की. लई वाढलीया म्हनत्यात."

आणि उत्कर्षाने तो बघितला! जिन्यात उभं राहून, भात कमी करा, गोळी चुकवू नका, सगळं समजावून सांगितलं. स्वतःच्या उपचाराला निघालेल्या बाईला स्वतःसाठी जिनासुद्धा सरळ चढता येईना.

आत गेल्यावर आणखी गंमत. मॅडमनी विचारलं, "काय होतंय?" उत्कर्षा ताठ बसली आणि ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला बेडची माहिती देतात तसं धडाधड सांगू लागली. "पेशंट विवाहित, एक मुलगा. झोप कमी. भूक बरी. रडणं नाही. कामावर नियमित. सूचना पाळते."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "या पेशंटला मी आता ताब्यात घेतलंय. तुमची ड्यूटी संपली. तासभर इथे कुणाचं काही करायचं नाही."

तासभर कुणाचं काही करायचं नाही, हे वाक्य तिला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. ती नुसती खिडकीबाहेर बघत बसली. पुढच्या गुरुवारची मात्र वाट बघू लागली. आठवड्यात एक तास फक्त तिचा, एवढंच तिला हवं होतं. सण नको, पगारवाढ नको. चौदा एप्रिलची गावातली मिरवणूक तिची दर वर्षी ड्यूटीपायी हुकते, तीही हुकू दे. हा तास राहू दे.

पण लवकरच गुरुवारचा ऑफ रद्द होऊ लागला. दोनदा बँकेचं काम, एकदा मुलाची शाळा, अशा थापा मारून झाल्या. मग तिला ते फुगे आणि तो माइक आठवला. ती मॅट्रन हेमलता बाईंकडे गेली आणि खरं काय ते सांगून मोकळी झाली.

दुसऱ्याच दिवशी मनीष सरांनी केबिनमध्ये बोलावलं. हेमलता बाईही बसल्या होत्या. "सिस्टर, वी केअर फॉर यू," मनीष सर गोड आवाजात म्हणाले, "पण आयसीयूचा प्रश्न आहे. पेशंटच्या सुरक्षेसाठी तुम्ही सध्या चौकशीच्या काउंटरवर बसा." तिने मॅट्रनकडे पाहिलं. हेमलता बाई टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या. 

म्हणजे बघा. हसत हसत कोसळली असती तर चाललं असतं. कोसळू नये म्हणून उपचार घेतले, तर ती धोकादायक! आणि याच धोकादायक बाईला पुढच्याच सोमवारी माणसं कमी पडली तेव्हा काउंटरवरून उठवून आयसीयूत डबल ड्यूटीला उभं केलं. तेव्हा पेशंटची सुरक्षा कुठे चहा प्यायला गेली होती?

गुरुवारी ती अपेक्षा मॅडमसमोर जेमतेम बसली आणि फोन वाजला. हेमलता बाई होत्या.

"उत्कर्षा, लगेच ये. आयसीयूत दोघीच आहेत."

तिच्या तोंडात "आले" तयारच होतं. ती अर्धी उठलीसुद्धा. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आतून काहीतरी वर आलं, गरम, खरखरीत. ते रडू नव्हतं. तो राग होता.

"मॅडम, आयसीयूत मी चालत नाही असं तुमच्यासमोर ठरलं. तुम्ही काही बोलला नाहीत."

 पलीकडे हेमलता बाईंचा आवाज अगदी खाली आला.

"कसं बोलू गं? मी बोलले असते तर माझ्या झोपेच्या गोळ्यांचा विषय निघाला असता. किती वर्षं घेतेय, घरीसुद्धा माहीत नाही."

उत्कर्षा खाली बसली. ज्या बाईचा शिकाऊ मुलींना धाक, जी म्हणायची, आमच्या वेळी ही असली नाटकं नव्हती, ती ही बाई.

"बस तू तिथेच," हेमलता बाई म्हणाल्या. "बेडपाशी मी उभी राहते. तुझा तास झाला की ये."

त्या तासात उत्कर्षा खूप बोलली. अकोल्याच्या मुलीबद्दल बोलली, मनीष सरांबद्दल बोलली, मध्येच मोठ्याने भांडली, मग ओक्साबोक्शी रडली. अपेक्षा मॅडमनी तिला शांत व्हा असं एकदाही म्हटलं नाही.

ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा हेमलता बाई हातमोजे चढवून एका पेशंटची कूस बदलत होत्या. इतक्या वर्षांनी वाकल्यामुळे त्यांची कंबर धरली होती. तेवढ्यात मनीष सर दारात आले, प्रसन्न चेहऱ्याने.

"आलात ना सिस्टर! हेच तर टीम स्पिरिट."

"मी पेशंटसाठी आलेय, सर," उत्कर्षा म्हणाली. "उद्या सकाळी तुमच्या केबिनमध्ये येते. मी आयसीयूत चालते की नाही, ते एकदा सगळ्यांसमोर सांगा. चालत असेन तर काउंटर बंद, आणि गुरुवार माझा. चालत नसेन तर आज मला इथे बोलावलंत, हे या पेशंटच्या माणसांना बाहेर जाऊन सांगा."

"अहो, तुम्ही उगाच इमोशनल होताय. तुमची तब्येत..."

"तिच्या तब्येतीचं राहू द्या," हेमलता बाई कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "उद्या मीही येतेय. मी झोपेच्या गोळ्या घेते, मनीष. मला कुठल्या काउंटरवर बसवताय, ते रात्रीतून ठरवून ठेवा."