दाराबाहेरच्या चपला

रूट कॅनालसाठी ही माझी तिसरी फेरी. नंबर येईपर्यंत समोरचं दार बघत बसतो. तिथं समुपदेशन करणाऱ्या बाई बसतात. दाराबाहेर चपलांचा स्टँड आहे आणि आत माणसं असली तरी तो कायम रिकामा असतो. आज त्याचं कारण कळलं. एक तरुण जोडपं आलं. मुलीनं आपल्या सँडल काढल्या, त्याचे बूट उचलले आणि सगळं पिशवीत कोंबलं.

"आत्या वरच राहते," ती त्याला हळूच म्हणाली. "बघितलं तर ओळखेल."

इकडे आम्ही सुजलेला गाल धरून सगळ्यांसमोर बसलोय. दाताची लाज नाही. मग ही लाज यांना शिकवली कुणी?

मीच की! माझ्या निखिलनं एकदा जेवताना विचारलं होतं, "बाबा, मी कुणाशी तरी बोलून येऊ का? डॉक्टर असतात तसे."

"घरात माणसं कमी आहेत का बोलायला?" मी म्हणालो. त्यानं भात संपवला.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या चपला अजून आमच्या दाराबाहेर आहेत, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसतील अशा.