मेघनाची कुपी

मी केमिस्ट्रीची बाई. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय... भर दुपारी तीन वाजता, इंदूरच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये.

मेघना आणि मी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. विषय सेमीकंडक्टरचे नॅनोक्रिस्टल. हे अतिसूक्ष्म कण यूव्ही दिव्याखाली चमकतात, पण साधारण एकाच रंगात — लाल नाहीतर हिरवा. मेघनाच्या एका कुपीतून मात्र निखळ पांढरा उजेड आला! सर म्हणाले, "कचरा मिल गया होगा. फेंक दो." तिने फेकली नाही.

पुढे ती डेंग्यूने गेली. मग सरांनी त्याच कुपीवर पेपर छापला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. मेघनाचं कुठेच नाही. मी गप्प बसले... माझा थीसिस अडकला असता.

वर्षभराने तिची आई, शहरातल्याच जुनी इंदूर भागातून, तिच्या वह्या न्यायला आली.

"बेटा, तिने तो उजेड केला होता ना, जरा दाखव मला."

"काकू, ती कुपी खराब झालीये. आता दिव्याखालीसुद्धा चमकत नाही." खरंच, आठवड्यापूर्वी मीच तपासली होती.

"असू दे. हातात तरी घेते."

काळ्या पडद्यांच्या खोलीत मी कुपी त्यांच्या हातात दिली. दिव्याचं बटन दाबणार तोच लाइट गेली. मिट्ट काळोख. आणि त्या काळोखात कुपी उजळली — पांढरी! काकूंच्या बांगड्या, चष्मा, सगळं स्पष्ट दिसत होतं. बाकीच्या कुप्या काळ्याच. हे कण उजेड साठवत नाहीत हो, दिवा नसेल तर काहीच नाही.

काकूंना नवल वाटलं नाही. असं होत नसतं हे त्यांना कुठे माहीत!

"किती छान केलंय गं पोरीने. छापलं ना तिचं नाव?"

"हो काकू," मी म्हणाले.

कुपी तशीच उजळत राहिली. लाइट आली आणि मी दिव्याखाली धरली, तर काहीच नाही.

नंतर तीनदा उजेड मोजायच्या मशीनवर लावली. शून्य. सरांना सांगितलं तर म्हणाले, "किसी को बोलना मत, पेपर पे सवाल उठेंगे."

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. काकू दर दिवाळीला फोन करतात. पोरीचं नाव छापून आलंय, असं सगळ्या गल्लीला सांगितलंय त्यांनी. मी नुसतं हं हं करते.