सीडीत शोधताना गेलेली अब्रू

लायब्ररीयनकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, धूळ आणि किस्से दोन्ही पुस्तकांच्या कपाटातच साचतात! त्यातून माझी लायब्ररी अंबरनाथ एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात. नव्वदच्या दशकात तिथे जगभरच्या वैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश भरलेली एक सीडी आली. कॉम्प्युटरवर शब्द टाइप केला की त्यावरचे निबंध समोर! पहिल्या दिवशी कुणीतरी शिवमंदिरातून आणलेला बेल मशीनवर वाहिला. गरजच होती, कारण ते चालवणारा मी!

*

रिसर्चच्या प्रधान मॅडमनी पहिलं काम दिलं. एका गोळीचा लिव्हरवर काय परिणाम होतो ते शोधा. मी नुसतं 'लिव्हर' टाइप केलं, प्रिंटची कमांड दिली आणि चहाला गेलो.

परत येतो तो प्रिंटर अजून करकरतोय आणि कागदाची सलग पट्टी दारातून पॅसेजमध्ये निघालेली. टोकाशी मॅडम उभ्या.

"लिव्हर एवढं लांब असतं हे मला माहीत नव्हतं हो!"

*

पुढच्या वेळी मी शहाणा झालो. सुचले तेवढे सगळे शब्द एकत्र घातले. उत्तर आलं शून्य! मी धावत मॅडमकडे.

"मॅडम, या विषयावर जगात कुणी कामच केलेलं नाही. मैदान मोकळं आहे!"

मॅडमनी शांतपणे चष्मा काढला. "माझी पीएचडी यातच आहे."

*

सीडीत फक्त सारांश. अख्खा निबंध हवा तर लेखकालाच पत्र टाकायचं. मॅडमसाठी मी असा एक मागवला. कित्येक महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. पेढे वाटायचेच बाकी होते. उघडलं तर सगळं जपानीत!

"काही कळतंय का?" मॅडमनी विचारलं.

"चित्रातला उंदीर ओळखीचा वाटतोय."

*

बदलापूरला माझ्या घराशेजारच्या काळेकाकू म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मशीनमध्ये यांच्या बीपीच्या गोळीचं बघा ना." मी बघितलं आणि हौसेने सगळे साइड इफेक्ट वाचून दाखवले. दुसऱ्या दिवसापर्यंत काकांना त्यातला एकूण एक झाला होता!

गल्लीतल्या डॉक्टरांनी मला रस्त्यात गाठलं. "तुमच्या कंपनीत औषधं बनवतात की पेशंट?"

*

माझी ही कीर्ती शेठपर्यंत पोचली. शेठ उल्हासनगरचे सिंधी, माणूस रोखठोक. "साईं, ये सीडी का फायदा क्या है? बंद करो." सीडी गेली की मी पॅकिंगला, हे ठरलेलंच. खरं सांगतो, मी घाबरलो. घरी 'साहेब' म्हणून मिरवत होतो ना!

तेवढ्यात शेठना उचकी लागली. दोन दिवस थांबेना. पाणी, साखर, डॉक्टर, सगळं झालं. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परदेशी पार्टी कारखाना बघायला येणार! शेठ स्वतः लायब्ररीत आले, कॉम्प्युटर रूमच्या नियमाप्रमाणे बूट बाहेर काढून.

"साईं... उक्... तेरी सीडी... उक्... आज कुछ दिखा दे."

मी टाइप केलं. चार-पाच निबंध निघाले, ते छापून घेतले. बाकीचे उपाय शेठचे करून झाले होते. शेवटचा उरला. याने उचकी जागच्या जागी थांबली, असं एका डॉक्टरने लिहिलं होतं. मी तो मनातल्या मनात वाचला आणि कागद उलटा ठेवला.

"क्या लिखा है? उक्... पढ़!"

"शेठ, राहू द्या."

"पढ़!"

"डॉक्टरने हातमोजा घालावा," मी वाचू लागलो. "पेशंटला कुशीवर झोपवावं. मग एक बोट... मागच्या बाजूने... आत..."

शेठ हळूच उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आम्ही दोघंही वाट बघत राहिलो. उचकी आली नाही.

शेठनी दाराबाहेर जाऊन बूट घातले. मग मान आत घालून म्हणाले, "सीडी चालू रख. लेकिन वो कागज किसी डॉक्टर को मत दिखाना!"