हळदीचं आमंत्रण स्वीकारलं आणि माझी जागा भरली

रविवारी सकाळी फोन दुकानात टाकायला निघाले होते, तेवढ्यात कळलं की माझी जागा संपली आहे. घरातली नाही, घरात अजून आहे... इंटरनेटवर कंपनी आपल्याला सामान ठेवायला देते, ती.

फोन सारखा अडकत होता. राहनाळच्या नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, आजी, सगळं पुसून परत चालू करून देतो, पण आधी जे हवंय ते वर चढवून ठेवा. मी म्हटलं, माझं सगळं वरच आहे. माझ्या सुनेने, मनीषाने, मागेच खातं काढून दिलंय.

वर ठेवण्यासारखं माझ्याकडे आहे काय, तर धवले. आमच्यात लग्नाच्या एकेका विधीला जे गाणं म्हणतात तो धवला, आणि म्हणणारी ती धवलारीण. मी चौथीपर्यंतच शिकले, पण धवले मला पाठ आहेत. सगळे नाहीत.

हळद लावतानाचा लांबलचक धवला पूर्ण येतो तो फक्त वडप्याच्या माझ्या मावशीला. उन्हाळ्यात तिच्यासमोर फोन ठेवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणवून घेतला. त्यानंतर तिला झटका आला. आता ती माणसं ओळखते, पण शब्द सापडत नाहीत.

म्हणून निघता निघता एकदा बघितलं... मावशीचा धवला वर नव्हताच. फोनातच अडकून बसलेला, आणि शेजारी लाल अक्षरांत, जागा संपली.

आवाजाला जागा लागते किती? मूठभर. मग भरली कशाने म्हणून उघडून बघते, तर धाकट्या जावेच्या, वनिताच्या, मुलाची अख्खी हळद माझ्या जागेत येऊन बसलेली. तो डीजे, तो ड्रोन, एकेक नाच चार बाजूंनी काढलेला.

कशी आली तेही आठवलं. त्या मुलाने एक शेअर फोल्डर केला होता, ज्याने त्याने आपले फोटो त्यात टाकावेत म्हणून. मला त्याचं आमंत्रण आलं, खाली 'स्वीकारा' लिहिलेलं. दारात कोणी अक्षता घेऊन आलं की आमच्यात नाही म्हणत नाहीत, पटत नसलं तरी. मी स्वीकारलं.

आता आपल्या घरात दुसऱ्याचा पसारा दिसल्यावर माणूस काय करतो... मी तो उचलून बाहेर टाकला. एकेक व्हिडिओ निवडून पुसला. मला वाटलं, माझ्याकडचा जाईल, त्यांचा त्यांच्याकडे राहील. आलेली पत्रिका फाडली म्हणून कोणाचं लग्न मोडत नाही.

चहा संपायच्या आत वनिताचा फोन. "जाऊबाय, आमची हलद कुठं गेली? आख्खा फोल्डर रिकामा हाय, आन् तुमचंच नाव दाखवतंय."

नव्या सुनेच्या माहेरची माणसं व्हिडिओ बघायला बसली होती म्हणे. मी म्हटलं, थांब, मनीषाला विचारते. त्यावर वनिता जे बोलली ते इथे लिहीत नाही, मुलंबाळं वाचतात.

मनीषा गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. तिने आधी कचऱ्याच्या डब्यातून सगळी हळद परत काढली, मग मला समोर बसवून सांगितलं. शेअर फोल्डर म्हणजे ज्याची त्याची कॉपी नव्हे. सामान एकच, सगळ्यांना दिसणारं. हात घालायची परवानगी असलेल्या एकाने पुसलं की सगळ्यांचं जातं. आणि माझ्या ह्या कंपनीत तो फोल्डर जेवढ्यांनी स्वीकारला, तेवढ्यांच्या जागेत तो अख्खाच्या अख्खा मोजतात.

मी म्हटलं, हे कुठलं गणित? एका गाळ्यात माल ठेवला म्हणून शेजारचा गाळा भरत नाही.

"आई, काही कंपन्यांत तसंच असतं, ज्याचा माल त्याच्याच जागेत धरतात. तुमच्या कंपनीत नाही. नुसतं बघायचं असेल तर लिंक मागा, तिला तुमची जागा लागत नाही. आणि नको असेल तर पुसू नका, फोल्डरमधून बाहेर पडा."

म्हणजे लग्नाला जाऊन जेवून यायचं, वऱ्हाड घरी मुक्कामाला आणायचं नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं...

मी बाहेर पडले. जागा मोकळी झाली आणि दुपारी मावशीचा धवला वर चढला. मनीषाच्या कॉम्प्युटरवर तो शेवटपर्यंत ऐकला, मगच फोन पुसायला दिला.

पण मी बाहेर पडल्याचंही वनिताला कळलं. हळदीतून उठून गेलात, माणसं काय म्हणतील, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, हळदीला मी पहाटेपासून बसून होते, धवले म्हणत. तुझ्या डीजेने ते कोणाला ऐकू दिले नाहीत, ती गोष्ट वेगळी. तिने फोन ठेवला.

फोन परत आल्यावर मी धवल्यांचा एक फोल्डर केला आणि घरातल्या बायकांना पाठवला. खाली स्पष्ट लिहिलं, स्वीकारलात तर तुमची जागा जाईल, नुसतं ऐकायचं तर लिंक आहे. पुसायची परवानगी मात्र कोणालाच दिली नाही. काय होतं ते मी करून बघितलंय.

बहुतेकींनी लिंक घेतली. शहाण्या आहेत. स्वीकारलं एकीनेच... वनिताने.

मला वाटलं तिने न वाचताच बोट लावलं. फोन करून विचारलं, कळलंय ना, जागा तुझी जाणार.

"वाचलंय मी. जाऊंद्या. त्या दिवशी मला तरी कुठं आयकू आला... आता आयकते."

तिची जागा त्या हळदीने आधीच गळ्यापर्यंत भरलेली. त्यात सरकून तिने माझ्या मावशीला बसवून घेतलं, एवढं मी मानते. डीजेबद्दल माझं मत मात्र तेच आहे.