जपानी पंढरीचं दुसरं कडवं

कल्याणजवळच्या मोहन्यात येऊन पंढरी साबळे कुठं राहतो म्हणून विचाराल तर लोक डोकं खाजवतील. जपानी पंढरी म्हणा, पानवाला टपरीतून अर्धा बाहेर येऊन घर दाखवील.

माणूस पंचाहत्तरीला टेकलेला, मूळचा जुन्नरकडचा. जपान त्यानं पाहिला तो नातीच्या भूगोलाच्या पुस्तकात. पण ऐन तरुणपणी तो कारखान्यात हेल्पर होता, तेव्हा मशीन बसवायला दोन जपानी साहेब आलेले. त्यातला बुटका साहेब संध्याकाळी पाने-पक्कड पुसता पुसता गायचा. त्याच्या देशातलं, त्याच्या आईबापाच्या वेळचं गाणं. बंदर, बंदरावरचा कंदील, आणि बोटीनं गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई, हे सगळं त्यानं पंढरीला हातवारे करून सांगितलेलं. पंढरीच्या घरात भजन, गळा बरा. पहिलं कडवं त्यानं आठवड्यात उचललं. दुसरं शिकायचं तर मशीन चालू झालं आणि साहेब गेले आपल्या गावाला.

भजनी माणसाला एका कडव्याचं गाणं म्हणजे मिठाशिवाय पिठलं. पंढरीनं दुसरं कडवं स्वतःच रचलं. जेवढं जपानी येत होतं तेवढं सगळं त्यात कोंबलं. आणि येत होतं ते सगळं मशीनवरचं. ‘अत्सुई’, म्हणजे गरम आहे. ‘आबुनाई’, म्हणजे मरशील, बाजूला हो. ‘तेबुकुरो’, म्हणजे हातमोजे. ‘मिगी योशी, हिदारी योशी’, म्हणजे उजवं ठीक, डावं ठीक. दोन्हीकडे बोट दाखवून हे ओरडल्याशिवाय साहेब खटक्याला हात लावू देत नसत. आणि शेवटी वरच्या पट्टीत ‘ओचा’, म्हणजे चहा.

हेच गाणं आता मोहन्याच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचा जीव होऊन बसलेलं. दर मंगळवारी कट्ट्याच्या खोलीत पंढरी सांगणार, बाकीचे मागून झील धरणार, धोंडीबा ढोलकीवर. दुसऱ्या कडव्याला लय अशी चढायची, की गुडघे बदललेल्या बायकाही डुलायच्या. ‘ओचा’ आला की चहाची किटली आत यायची. कट्ट्याच्या अध्यक्ष सुमेधाताई मूळच्या नौपाड्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी एकदा दुसऱ्या कडव्याचा अर्थ विचारला, आणि पंढरीनं थाप ठोकली, “ती बाई चंद्राला म्हणती, माझ्या धन्याला बघितलंस का.” सुमेधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ‘आबुनाई’ आलं की त्या डोळे मिटून घेत.

खरं ठाऊक होतं एकट्या तुळसाला, पंढरीच्या बायकोला. कारण दूध उतू जायला लागलं की घरात पंढरी तेच ‘आबुनाई’ ओरडायचा.

असं सगळं गोडीत चाललेलं, आणि सुमेधाताईंनी जाहीर केलं, “पुढच्या मंगळवारी आपल्याकडे जपानहून ओगुरासान येणार! आमच्या भाचीच्या, क्षिप्राच्या ऑफिसातल्या साहेबांचे वडील. तिकडे त्यांचाही वृद्धांचा गाण्यांचा गट आहे, जुनीच गाणी म्हणतात. क्षिप्राला जपानी येतं, ती दुभाषी.”

पंढरीनं घरची वाट धरली. सगळ्या मोहन्यात मिरवलेलं नाव एका कडव्यात जाणार. रात्री भाकरी उतरेना.

“जेवा की,” तुळसा म्हणाली. “का चंद्राला इचारताय, म्हातारा कधी येतो म्हणून?”

“हस, हस. उद्या लोक थापाड्या पंढरी म्हणतील.”

“मग एकच कडवं म्हणा आन् खोकला काढा. खोकला तर तुमचा खराच हाय.”

तोडगा झकास होता. मंगळवारी पंढरीनं धोंडीबाला बाजूला घेतलं. “आज एकच कडवं. घसा बसलाय.”

“वा रं वा! दुसऱ्यात तर माझी ढोलकी हाय,” धोंडीबा म्हणाला. “नवा शर्ट काय पहिल्या कडव्यासाठी घातलाय?”

ओगुरासान आले. ऐंशीचे, शिडशिडीत, कडक इस्त्रीची पँट. वाकून नमस्कार केला. सगळा कट्टाही वाकला, त्यात दोघांची कंबर धरली. सुमेधाताईंनी आधी अर्थ वाचून दाखवला, विरहिणीचा, चंद्राचा. क्षिप्रानं तो जपानीत सांगितला. ओगुरासान मान हलवत राहिले.

पंढरीनं पहिलं कडवं धरलं. कंदिलाचा शब्द आला तसा म्हातारा पुढं सरकला आणि हलकेच टाळी द्यायला लागला. ओठ हलत होते. पंढरीनं कडवं संपवलं, हात जोडले आणि खोकला काढला.

पण झील धरणाऱ्यांना कोण थांबवणार? भजनात बुवाला ठसका लागला तर मागच्यांनी ओळ उचलायची, ही जन्माची सवय. उलट सगळ्यांना वाटलं, आज बुवाची लाज आपल्या हातात. धोंडीबानं थाप मारली आणि वीसच्या वीस कंठ सुटले, “अत्सुईऽऽ, आबुनाईऽऽ!”

क्षिप्राच्या भुवया कपाळात गेल्या. तुळसानं तोंडात पदर कोंबला. सुमेधाताईंनी डोळे मिटले. पंढरी दाराकडं बघत होता, पण मध्ये चहाची किटली उभी होती.

“तेबुकुरो, तेबुकुरो! मिगी योशी...”

ओगुरासान ताडकन उठले. पाय जुळवले, हात ताणला, उजवीकडं बोट रोखलं आणि गरजले, “योशी!” मग डावीकडं. “योशी!” गालावरून पाणी ओघळत होतं आणि म्हातारा हसत होता. कट्ट्यालाही चेव आला, सगळे बोटं रोखायला लागले. धोंडीबानं लय अशी वाढवली की त्याची कवळी सुटली. ‘ओचा’ झाला, किटली आत आली.

ओगुरासान पंढरीचे दोन्ही हात धरून पुष्कळ बोलले.

क्षिप्रा म्हणाली, “काका, ते म्हणतात, सदतीस वर्षं ते कारखान्यात होते. हे रोज ओरडायचे. रिटायर झाल्यावर आज पहिल्यांदा ओरडले. आणि त्यांच्या गटात दुसरं कडवं कुणालाच आठवत नाही, सगळे नुसतं गुणगुणतात. हे तुमचं त्यांना लिहून हवंय.”

पंढरी तिथल्या तिथं वाकला.

“आणि चंद्र?” सुमेधाताईंनी डोळे पुसत विचारलं. “अर्थाबद्दल काय म्हणाले?”

क्षिप्रानं पंढरीकडं बघितलं. पंढरीनं तुळसाकडं. तुळसा छताकडं.

“चंद्राचं ना...” क्षिप्रा म्हणाली. “ते म्हणतात, हे कडवं हातमोजे घालून म्हणायचं असतं.”

पुढच्या मंगळवारी सुमेधाताई कल्याणहून पांढऱ्या हातमोज्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. विरहिणीचा भाव उतरायचा तर सगळं रीतसर हवं, म्हणाल्या. वीस म्हातारे-म्हाताऱ्या मोजे चढवून बसले.

“आयला, मोजे घालून ढोलकी वाजती का रं?” धोंडीबा करवादला.

“तिकडं अशीच वाजवत्यात,” जपानी पंढरी म्हणाला, आणि त्यानं सूर लावला.