शनीच्या चंद्राला बसलेला मार

शिवाजी पेठेत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची शुभेच्छुकांची तोंडं बघून बघून मला वीट आलाय. गेल्या वर्षी सख्ख्या थोरल्या भावाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्सही ह्याच मशीनवर काढला. पेठ वडगावच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं होतं. तेव्हापासून आईनं एकच धरून ठेवलं, की वहिनीच्या साडेसातीनं त्याला खाल्लं. दिवसकार्य होताच तिनं वहिनीला मुरगूडला माहेरी धाडलं आणि परत येऊ नको म्हणून बजावलं. मी भांडून भांडून थकलो.

परवा एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं काम आलं. शनीच्या एका चंद्राचा फोटो, पुरुषभर उंच. सगळा बर्फाचा गोळा आणि त्यावर एक खड्डा. फ्लेक्स मशीनमधून खाली सरकत होता आणि तो खड्डा काही संपेना. खाली मजकूर होता: आदळलेला दगड आणखी थोडा मोठा असता, तर ह्या चंद्राचे तुकडेच झाले असते. मला भाऊ आठवला. दवाखान्यात भावाच्या तोंडावरची चादर मीच बाजूला केली होती.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली.

"ह्ये काय रं?"

"तुझ्या शनीचा चंद्र," मी मुद्दाम खवचटपणे म्हणालो. "जल्मापासनं त्याच्याच भवती फिरतोय."

"म्हंजे त्याचंच पोर की."

"तसंच समज."

शनी म्हणजे नुसता ग्रह, हे आज तिला पटवायचंच, म्हणून मी बाह्या सरसावून बसलो होतो. आईनं खड्ड्याच्या कडेवर बोट टेकवलं. शाई ओली होती, तिच्या बोटाला लागली.

"बापादेखत बसला एवढा मार?"

"व्हय."

"आणि त्याला थांबवता न्हाय आलं?"

ती मटकन स्टुलावर बसली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"मी तर आई त्याची, तवा घरात हुतो रं. भाकऱ्या थापत हुतो."

मी हादरलो. वर्षभर ही बाई वहिनीला बोल लावत होती आणि आतून स्वतःलाच खात होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी उठलो. मशीन बंद केलं.

"मग ती पोरगी तरी काय थांबवणार हुती?" आई म्हणाली. "फोन लाव तिला."

मी लावला. वहिनीनं उचलला. आईनं फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "जेवलीस काय?"